चांडाळाची चौकट

मागच्या उन्हाळ्यात पुण्याला शिकणारा माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीत मुरुमला आला आणि त्याने माझ्यापुढे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवले. पानोपानी चित्रे, चित्रांत फुगे, फुग्यांत संवाद. "सर, ही ऑपेरा आहे," तो म्हणाला. मला हसू आले. ऑपेरा म्हणजे गाण्याचे नाटक. माणसे त्यात भांडतात तेही गाऊन आणि मरतात तेही गाऊन. ते पुस्तकात कसे मावणार? पुस्तक तर मुके. पण पाने उलटता उलटता माझे हसू मावळले आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. गाण्याचे नाटक कागदावर आले आणि गाणे गळून पडले, म्हणजे त्या नाटकात आवाज कोणाचा उरतो?

हा प्रश्न केवळ रसिकांचा नाही. ज्यांना शतकानुशतके गाण्याच्या नाटकात जागा नव्हती, आणि असली तर ढोल वाजवण्यापुरती किंवा तलवार धरण्यापुरती होती, त्यांचा तो प्रश्न आहे. म्हणून तो ह्या पानांवर मांडतो आहे.

ते पुस्तक जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नर याच्या 'निबेलुंगची अंगठी' ह्या चार ऑपेरांच्या मालिकेचे चित्ररूप होते. पी. क्रेग रसेल ह्या अमेरिकन चित्रकाराने ते केले आणि २०००-२००१ साली ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. मूळ मालिका १८७६ साली बायरॉइट येथे प्रथम सलग सादर झाली. चार प्रयोग, सुमारे पंधरा तासांचे संगीत. त्याच दशकात, १८७३ साली, आपल्याकडे जोतीराव फुले 'गुलामगिरी' प्रसिद्ध करत होते आणि सत्यशोधक समाजाची स्थापना करत होते. युरोप देवांच्या अंगठीवर गात होता आणि पुण्यात एक माळी देवांच्या अवतारांची झडती घेत होता.

वाग्नरची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. आल्बेरिश नावाचा एक बुटका नदीच्या तळचे सोने पळवतो, प्रेमाला नकार देऊन त्या सोन्याची अंगठी घडवतो आणि त्या अंगठीच्या बळावर आपल्याच जातभाईंना, म्हणजे निबेलुंगांना, गुलाम करतो. ते जमिनीखाली राबतात, धातू ठोकतात, धनाचे ढीग वाहतात. वर देवांचा महाल बांधून तयार असतो आणि त्याची मजुरी थकलेली असते. कथा ऐकली की आपल्या माणसाला ती परकी वाटत नाही. पण ऑपेरा ऐकताना एक गोष्ट ध्यानात येते. पंधरा तासांच्या त्या संगीतात राबणाऱ्या निबेलुंगांच्या समूहाला गाणे नाही. वाग्नरने त्यांच्यासाठी अठरा ऐरणी योजल्या. ऐरणींचा ठेका ऐकू येतो, आणि मालकाने अंगठी दाखवली की त्यांची एक किंकाळी ऐकू येते. बस्स. देव गातात, वीर गातात, बुटक्यांचा मालक गातो, त्याचा भाऊ गातो. कामकरी किंचाळतात. हाच वाग्नर १८५० साली संगीतातल्या ज्यूंविरुद्ध द्वेषाने भरलेला निबंध लिहून गेला होता, आणि त्याच्या बुटक्यांच्या चित्रणात ज्यूंची विटंबना आहे असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. तेव्हा गाणे कोणाला द्यायचे आणि किंकाळी कोणाला, हा निर्णय निव्वळ संगीताचा कधीच नसतो.

आता हे कागदावर आणायचे. चित्रकार काय करतो? ऑपेरात एखाद्या पात्राची किंवा वस्तूची खूण म्हणून सुरांची एक ओळ पुनःपुन्हा येते. रसेल त्या जागी आकाराची किंवा रंगाची खूण पुनःपुन्हा आणतो. सुराच्या जागी रेघ येते आणि काळाच्या जागी जागा येते. ऑपेरात नायिकेचे गाणे आठ मिनिटे चालते. त्या आठ मिनिटांत बाकी जग थांबून तिच्याकडे पाहते. चित्रकथेत तेच गाणे एका चौकटीत आटोपता येते. उलट ज्याच्या वाट्याला नाटकात दोनच वाक्ये आहेत त्याला चित्रकार अख्खे पान देऊ शकतो. फुग्याला सूर नसतो. राजाचा फुगा आणि मजुराचा फुगा एकाच शाईचा असतो. गळ्याची श्रीमंती कागदावर संपते, आणि पान ही जमीन होते. मग तिचा सातबारा कोणाच्या नावावर करायचा, हे रूपांतर करणाऱ्याच्या हातात असते.

जमीन हातात आली म्हणजे न्यायाने वाटली जाते असे नाही, हे मराठवाड्यातल्या गायरानांसाठी झगडलेल्या माणसांना मी सांगायला नको. चित्रकथेत एक धोका तर ऑपेराहून मोठा आहे. मोझार्टच्या 'जादूची बासरी' ह्या १७९१ सालच्या ऑपेरात मोनोस्टाटोस नावाचा काळा नोकर आहे. काळा म्हणून कुरूप ठरलेला, प्रेमाला मुकलेला. त्याला एक गाणे आहे आणि त्यात तो हेच दुःख गातो. रंगमंचावर हे गाणे कोणत्याही रंगाचा गायक गाऊ शकतो, दिग्दर्शक शब्द बदलू शकतो, अभिनेता आपल्या देहाने त्या भूमिकेला जाब विचारू शकतो. आजचे प्रयोग असे करतातही. कागदावर मात्र चेहरा एकदा काढला की काढला. रंग एकदा भरला की भरला. तो छापला जातो, दुसऱ्या आवृत्तीत पुन्हा छापला जातो आणि दहा वर्षांचे पोर तो चेहरा खरा मानून मोठे होते.

आपल्याकडे हे घडले आहे. 'अमर चित्र कथा' १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली. बत्तीस पानांच्या त्या पुस्तिकांनी पुराणे, इतिहास आणि संस्कृत नाटके घरोघर पोचवली. गोरे नायक आणि काळे राक्षस ही त्यांची रंगयोजना पुष्कळ अभ्यासकांनी दाखवून दिली आहे. त्याच मालेत १९७९ साली बाबासाहेबांचे चरित्र आले आणि वस्त्यांमधल्या पोरांनी ते आवडीने वाचले, हेही मी नाकारत नाही. पण पोराला एका पुस्तिकेत बाबासाहेब भेटावेत आणि शेजारच्या पुस्तिकेत आपल्या आजोबांच्या रंगाचा माणूस राक्षस म्हणून भेटावा, ह्यातली विसंगती त्या पोराने एकट्याने सोसायची काय?

मराठीत ऑपेराला सर्वांत जवळची वस्तू म्हणजे संगीत नाटक. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाले आणि तिथून ह्या परंपरेचा सुवर्णकाळ मोजायची प्रथा पडली. त्याआधी पंचवीस वर्षे, १८५५ साली, जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले होते. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि छापील स्वरूपात ते लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. भटाने नाडलेल्या कुणबी जोडप्याचे ते नाटक सव्वाशे वर्षे अंधारात राहिले आणि दुष्यंत-शकुंतला गात राहिले. आणि आमचा तमाशा? गण, गवळण, बतावणी आणि वग अशी बांधणी असलेले, गाणे आणि नाटक एकजीव केलेले हे आमचे संगीत नाटकच होते. ते महार-मांग-कोल्हाट्यांच्या देहावर उभे होते, म्हणून त्याला कोणी ऑपेरा म्हटले नाही. असभ्य म्हटले.

माझे स्वतःचे नाट्यसंगीत मी एका वाड्याच्या ओट्याखाली उभे राहून ऐकले. वाड्यातल्या रेडिओवर रात्री नाट्यपदे लागत. आत बसून ऐकायचा प्रश्नच नव्हता. शब्द अर्धे कळत, सूर पूर्ण पोचत. तो सूर गोड होता हे मी आजही लपवत नाही. आमच्या काही मित्रांना वाटते की शत्रूच्या घरातले गाणे गोड लागणे हा अपराध आहे. मला तसे वाटत नाही. गोडवा खरा होता आणि ओट्याची पायरीही खरी होती. समीक्षेने दोन्ही सांगितले पाहिजे.

म्हणून मुरुमच्या माझ्या वर्गात चित्रकथेचा प्रयोग करायचे ठरले तेव्हा मी नाटक निवडले 'मृच्छकटिक'. गोविंद बल्लाळ देवलांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मराठी संगीत रंगभूमीवर आणले. त्यातली पदे आजही मैफलीत गायली जातात. चारुदत्ताची पदे लोक मागतात, वसंतसेनेची मागतात. चांडाळाचे काही मागितल्याचे मी कधी ऐकले नाही. म्हणून आम्ही पदे बाजूला ठेवून शूद्रकाच्या मूळ नाटकाकडेच गेलो. मुलांनी मराठी भाषांतर वाचले, मी वर्गात संस्कृत-प्राकृत समोर ठेवून समजावले, आणि भित्तिपत्रकासाठी शेवटच्या अंकाची चित्रकथा करायचे ठरले. चारुदत्ताला खोट्या आरोपावरून वधस्थानी नेतात, तो अंक.

पहिली चूक माझी झाली. चित्रकला बरी असलेल्या एका मुलाने दोन चांडाळ काढून आणले. काळेकुट्ट, तांबारलेले डोळे, झुपकेदार मिशा, उघडी छाती. मी ते चित्र पाहिले, "छान, ठसठशीत आहे" म्हणालो आणि पुढच्या चौकटीकडे वळलो. मागच्या बाकावरून मातंग वस्तीतला एक मुलगा उभा राहिला. तो फारसा बोलत नसे. त्याचे आजोबा गावात दवंडी द्यायचे, हलगी वाजवायचे. तो म्हणाला, "सर, पुस्तकात ह्यांच्या मिशा आहेत का?" मी पुस्तक उघडले. मिशा नव्हत्या. तांबडे डोळे नव्हते. काळा रंगही नव्हता. जे पुस्तकात नव्हते ते आमच्या डोळ्यांत होते आणि मी, जातीवर व्याख्याने देणारा शिक्षक, त्याला छान म्हणून बसलो होतो. सिनेमाने आणि चित्रकथांनी ते माझ्याही डोळ्यांत भरून ठेवले होते.

मग आम्ही तो अंक पुन्हा वाचला, फक्त चांडाळांसाठी. त्यात काय सापडले ते सांगतो, कारण अनेक पदवीधरांनाही ते ठाऊक नसते.

चारुदत्ताचा लहान मुलगा चांडाळांना त्यांच्या जातीच्या नावाने हाक मारून विचारतो की माझ्या बापाला कुठे नेता? त्यावर चांडाळ त्या पोराला जे उत्तर देतो त्याचा आशय असा की आम्ही चांडाळ कुळात जन्मलो खरे, पण आम्ही चांडाळ नव्हेत. जे सज्जनाला छळतात ते पापी, तेच चांडाळ. जन्माने येणारी जात आणि कर्माने येणारी नीचता ह्यांची ही फारकत कोणा साधूच्या तोंडी नाही. ती सरकारी हुकमाने तलवार धरणाऱ्या माणसाच्या तोंडी आहे, आणि ज्या राजाच्या हुकमाने तो ती धरतो त्या राजावरच तो बोट ठेवतो आहे.

दोघांपैकी एक चांडाळ घाई करत नाही. मरताना बापाने दिलेला सल्ला तो सांगतो. तुझी पाळी आली तर वध लगेच करू नकोस. कदाचित एखादा भला माणूस पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होऊन कैदी सुटतील, हत्ती मोकाट सुटून गोंधळ होईल, नाहीतर राजाच बदलेल. बलुत्याची कामे पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांनी असले शहाणपण बापाकडून मुलाकडे दिले आहे. हुकूम मोडता येत नाही, पण लांबवता येतो, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते.

शेवटी तो तलवार उचलतो आणि ती त्याच्या हातून खाली पडते. तेव्हा तो देवीचा धावा करतो. कोणत्या देवीचा? सह्यवासिनीचा. कथा उज्जयिनीची, पण तिथला चांडाळ सह्याद्रीवर राहणाऱ्या देवीला हाक मारतो आणि म्हणतो की चारुदत्त सुटला तर आमच्या चांडाळ कुळावर तुझी कृपा झाली. वर्गात हे वाचले तेव्हा तुळजापूरच्या वाटेवर आराध्यांची गाणी ऐकत वाढलेली आमची पोरे एकमेकांकडे पाहू लागली. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे हे आपल्याकडचेच." शूद्रक दख्खनचा असावा असा तर्क करताना काही विद्वानांनी हा उल्लेख पुढे केला आहे. माझ्या विद्यार्थिनीने तर्क केला नाही, नाते ओळखले.

आणखी एक जागा चित्रकाराने मुद्दाम पाहावी अशी आहे. सहाव्या अंकात वीरक आणि चंदनक ह्या दोन राखणदारांचे भांडण जुंपते. दोघे एकमेकांची जात काढतात, पण सरळ नाव घेऊन नव्हे. नाटकात सूचना आहे की ते खूण करतात. वीरक न्हावी आहे हे त्याच्या हत्यारांच्या उल्लेखावरून सुचवले जाते. चंदनक चर्मकार आहे हे ढोल-नगारे ही त्याची आईबाप-भावंडे आहेत असे म्हणून सुचवले जाते. जात हातवाऱ्याने सांगितली जाते! गायनाच्या नाटकात हातवारा विरून जाईल, पण चित्रकथेचा जीवच हातवारा आहे. आणि हाच चर्मकार चंदनक पळून चाललेल्या आर्यकाला ओळखूनही सोडून देतो. तो आर्यक गोपाळपुत्र. पुढे तोच राजा होतो आणि त्या सत्तापालटामुळे वाचलेल्यांत चारुदत्तही असतो. म्हणजे ज्या नाटकाला आपण वसंतसेनेच्या दागिन्यांचे आणि चारुदत्ताच्या उदारपणाचे नाटक समजतो, त्यातली क्रांती एका चर्मकाराने गाडीचा पडदा बाजूला सारून आणि पुन्हा टाकून घडवली आहे. ह्या चौकटीला किती जागा द्यायची?

भाषेचेही तसेच. 'मृच्छकटिका'त अनेक प्राकृत बोली आहेत. जुन्या टीकाकाराने त्यांची मोजदाद करून चांडाळांच्या बोलीला चांडाळी हे वेगळे नावच दिले आहे. अभिजन पुरुष संस्कृत बोलतात, बाकीचे आपापल्या बोलीत. मराठी संगीत नाटकाची पदे मात्र बहुतेक एकाच घडवलेल्या, संस्कृतप्रचुर भाषेत. सगळ्यांच्या तोंडी एकच सजवलेली जीभ घातली की जातीची ऐकू येणारी रेघ पुसली जाते, आणि तिच्याबरोबर ती रेघ सोसणाऱ्याचा शब्दही जातो. आमच्या भित्तिपत्रकात मुलांनी चांडाळांना मुरुमची बोली दिली, कानडीचा हेल असलेली, उर्दूचे शब्द असलेली. "का मून" विचारणारे चांडाळ भिंतीवर आले तेव्हा शिपाईमामाही थांबून वाचू लागले.

हलगीचा प्रश्न उरला. चांडाळ ढोल वाजवत, गुन्ह्याची घोषणा करत चारुदत्ताला गावातून फिरवतात. चित्रात आवाज कसा काढायचा? मिशा काढणाऱ्या मुलाने मोठ्या अक्षरांत "ढम् ढम्" लिहिले. दवंडीवाल्याच्या नातवाने ते खोडले. तो म्हणाला, मयताची हलगी वेगळी वाजते, वरातीची वेगळी, दवंडीची वेगळी. ढम् ढम् कुठलीच नाही. मग त्याने बोल सांगितले आणि अक्षरांची उंची, अंतर, झुकाव त्या ठेक्यावर बसवला. पानाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत ती अक्षरे चालत गेली. वाग्नरच्या अठरा ऐरणींनी जे केले नाही ते त्या पोराच्या स्केचपेनने केले. वाजवणाऱ्याला वाजवण्याचे ज्ञान असते, हे त्याने दाखवले. ही माझ्या मते रूपांतराची खरी कसोटी आहे. मूळ कलाकृतीचे सौंदर्य किती टिकले हे सगळेच विचारतात. मूळ कलाकृतीने ज्याला पार्श्वभूमी केले त्याच्याकडून चित्रकार काही शिकला की नाही, हे आपण विचारले पाहिजे.

उमरग्याचे माझे एक जुने कार्यकर्ते मित्र हे भित्तिपत्रक पाहायला आले. पाहून झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, कशाला त्यांच्या जुन्या नाटकांना रंग लावत बसता? गोऱ्यांची ऑपेरा, भटांची पदे. आपले लिहा, आपले काढा." त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. आणि त्यांच्या बाजूने उभे राहील असे कामही झाले आहे. २०११ साली 'नवयान'ने 'भीमायन' प्रसिद्ध केले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग त्यात काढले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. ह्या चित्रकारांनी चौकटीच नाकारल्या. माणसांना पेटीत कोंडले तर त्यांचा जीव घुसमटतो, अशी त्यांची भूमिका. त्यांनी आपल्या घराच्या भिंतींवर काढायच्या दिगणा ह्या नक्षीने पाने विभागली. शब्दांच्या फुग्यांनाही त्यांनी अर्थ दिला. मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, आणि जातीचे विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. त्याच वर्षी 'गुलामगिरी'वर आधारलेली 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' ही चित्रकथाही आली. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी तीत स्वतःलाही पात्रे म्हणून काढले आणि जोतीरावांशी आजचा संवाद जोडला. १८७३ चे पुस्तक २०११ मध्ये चित्रांत बोलू लागले, आणि त्याला कोणत्याही संगीत कंपनीची परवानगी लागली नाही.

तेव्हा आपले आपण काढावे, हे खरेच. पण माझ्या मित्राला माझे उत्तर असे आहे. जुनी नाटके आपण सोडून दिली म्हणून ती मरत नाहीत. ती पाठ्यपुस्तकात राहतात, मैफलीत राहतात, आता चित्रकथांत येत आहेत. तिथे आपला माणूस कुणीतरी काढणारच. झुपकेदार मिशा लावून काढणार. आपण त्या घरात शिरून विचारले नाही की मिशा पुस्तकात आहेत का, तर पुढची पिढी त्या मिशा खऱ्या समजेल. शिवाय त्या घरात आपलेही काही अडकून पडले आहे. चांडाळाचे ते वाक्य शूद्रकाने लिहिले. ते कुठे ऐकले असेल? असा माणूस त्याने पाहिल्याशिवाय असे वाक्य सुचत नाही. ते आपले आहे आणि ते परत आणले पाहिजे.

मात्र परत आणताना डोळे उघडे ठेवले पाहिजेत. 'मृच्छकटिका'चा शेवट पाहा. राजा बदलला, चारुदत्त सुटला, बक्षिसे वाटली जातात. वसंतसेना गणिकेची वधू होते. स्थावरक दास्यातून मुक्त होतो. भिक्षूला सर्व विहारांचे प्रमुखपद मिळते. चंदनक वरच्या अधिकाराला चढतो. आणि ते दोन चांडाळ? त्यांना सर्व चांडाळांचे अधिपती करण्यात येते. गुलामाची गुलामी सुटली, पण चांडाळाचे चांडाळपण तसेच राहिले. फक्त त्याला त्याच वाड्याचा पाटील केले. ज्याने "आम्ही चांडाळ नव्हेत" असे सांगितले, त्याला नव्या, भल्या राजवटीने उत्तर दिले की तू चांडाळच, पण मोठा. सत्तापालट झाला तरी वेस तिथेच राहते, हे आम्ही हैदराबाद संस्थान संपल्यावर पाहिले आहे. आजही समितीवरच्या एका राखीव खुर्चीत आपल्या माणसाला बसवून सत्कार करतात तेव्हा मला तो शेवटचा अंक आठवतो.

ही शेवटची चौकट कशी काढायची यावर वर्गात दोन तास वाद झाला. काहींचे म्हणणे होते की नाटकात आहे ते तसेच काढावे; आपण लेखकाचे शब्द बदलायचे नाहीत. काहींना चांडाळाने बक्षीस फेकून दिलेले हवे होते. मी खोटा विजय काढायला विरोध केला. नाटकात जे घडले नाही ते घडले असे दाखवले तर त्या नाटकाचा गुन्हा आपणच झाकतो. शेवटी मुलांनी असे ठरवले : अधिपतीपद देणारा फुगा चारुदत्ताच्या तोंडी जसाच्या तसा ठेवायचा, कारण ते नाटक आहे. त्याच्याखाली चांडाळांसाठी तेवढ्याच आकाराचा दुसरा फुगा काढायचा आणि तो रिकामा ठेवायचा. शूद्रकाने त्यांना इथे मनाजोगे काही बोलू दिले नाही, हे वाचकाला दिसले पाहिजे.

भित्तिपत्रक लागल्यावर आठवड्याभरात त्या रिकाम्या फुग्यात कोणी कोणी पेन्सिलीने काहीबाही लिहिले. काही टवाळ्या होत्या, त्या आम्ही खोडल्या. एक ओळ आम्ही ठेवली. कोणी लिहिली ते कळले नाही. तिथे लिहिले होते, "मग ही तलवार कोणाला देऊ?"

पुढच्या वर्षी वग काढायचा बेत आहे. तिथे सोंगाडी राजाला प्रश्न विचारतो, आणि उत्तर दर प्रयोगाला नवे असते. दर रात्री बदलणारी बतावणी छापील पानावर कशी धरायची, हे अजून आम्हाला उमगलेले नाही. दवंडीवाल्याचा नातू म्हणतो, फुगे रिकामे ठेवू आणि वाचणाऱ्याला पेन्सिल देऊ. मला वाटते, तो बरोबर आहे.